न मोजलेला फटका

रशीदभाई चेंडूमागं काठी कधी जमिनीवर टेकवत नसत. गोल्फ खेळणारा माणूस फटका मारण्याआधी काठीचं टोक चेंडूच्या पाठीमागं गवतावर ठेवतो, नेम धरतो, मग हात मागं नेतो. रशीदभाई ते टोक गवतापासून बोटभर वर, हवेतच धरून ठेवायचे. चेंडूकडे बघायचे तेही खेळाडूसारखं नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे ना, हे बघावं तसं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. पंचेचाळिशीत डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आमचं घर पडेगावात, गोल्फचं मैदान जवळच. कुंपणाच्या कडेनं चालताना पांढऱ्या टोपीतले एक सडपातळ गृहस्थ रोज दिसत. एके दिवशी त्यांनीच हाक मारली, "ताई, रोज नुसतंच चालता. चालायचंच हाय तर हातात काठी घ्या की." तिथले सगळे त्या काठीला क्लब म्हणत, रशीदभाई मात्र काठीच म्हणत. अशी मी त्यांची शिष्या झाले. मी गडबड केली की म्हणायचे, "घाई कशापायी? भोक काय पळून चाललंय का?" माझा चेंडू झुडपात गेला की म्हणायचे, "जाऊ द्या. तिकडं बी जमीनच हाय."

त्यांचे वडील याच मैदानावर गवत कापायचे. रशीदभाईंनी लहानपणी इथं साहेब लोकांच्या पिशव्या वाहिल्या आणि बघून बघून खेळ उचलला. तिशीच्या आत ते व्यावसायिक खेळाडू झाले. बारा वर्षं कोलकाता, बंगळूर, दिल्ली, जिथं स्पर्धा असेल तिथं जाऊन खेळले. मोठी स्पर्धा एकही जिंकले नाहीत. मग परत येऊन शिकवायला लागले. पडेगावात चहाच्या टपरीवर त्यांना सगळे चॅम्पियन म्हणत. तो शब्द ऐकला की रशीदभाई टोपी पुढं ओढून घेत आणि चहा अर्धा टाकून उठत. मला तो विनय वाटायचा.

एका सकाळी मी सहज विचारलं, "रशीदभाई, आम्हाला काठी टेकवायला सांगता, मग तुम्ही का टेकवत नाही?"

त्यांनी टोपी काढली. मग बाकावर बसले आणि म्हणाले, "एकदा टेकवली होती, ताई."

व्यावसायिक दौऱ्यावर जागा मिळवण्यासाठी निवड स्पर्धा असते. तिच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या जोडीला नागपूरचा नामदेव उईके होता. तोही त्यांच्यासारखाच पिशव्या वाहून शिकलेला. एकच जागा उरली होती, कमी फटक्यांत खेळ संपवेल त्याला ती मिळणार होती. रशीदभाईंचा चेंडू झाडाखालच्या उंच गवतात गेला. त्यांनी मागं काठी टेकवली, गवत दबलं आणि चेंडू हलला. "लई नाय. जवारीच्या दाण्याएवढा." खेळाडूमुळे चेंडू हलला, तर स्वतःवर एक फटका वाढवून घ्यायचा असा नियम. तिथं जवळ पंच उभा नसतो. ज्याचं त्यानं सांगायचं, आणि शेवटी जोडीच्या खेळाडूनं त्याच्या फटक्यांच्या कार्डावर सही करायची.

"तुम्ही सांगितलं नाही?"

"आजूबाजूला बगितलं. नामदेव दुसरीकडं तोंड करून हुबा होता. म्हटलं, कुणी पाहिलं नाय." ते हातातल्या टोपीची कड चाचपत होते. "एका फटक्यानं जागा मला भेटली. सांगितलं असतं तर आमची बरोबरी झाली असती. मग दोघांत एक भोक पुन्हा खेळवलं असतं. मी जिंकलोही असतो, ताई. ते आता कसं कळणार?"

त्यानंतर बारा वर्षं ते कुठल्याही गावी खेळायला उभे राहिले की चेंडू हलतोय असं त्यांना वाटायचं. वारा नसताना, सपाट जमिनीवरसुद्धा. हॉटेलच्या खोलीत पेला टेबलावर ठेवला तरी हात काढून घेऊन क्षणभर बघत राहायचे. सलमाभाभींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे काही ठाऊक नव्हतं. त्या समजायच्या, नवरा काटेकोर स्वभावाचा आहे.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेला इंग्रजीत पत्र लिहून द्या म्हणाले. सगळं लिहायचं, माफी मागायची नाही, शिक्षा मागायची. मी लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेही मीच वाचून दाखवलं. आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, प्रकरण जुनं आहे, निकाल बदलता येणार नाही, आपल्याला शुभेच्छा. रशीदभाईंनी कागद हातात घेतला, उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"म्हंजे दंड बी नाय," ते म्हणाले.

मग ते नागपूरला गेले. नामदेवनं खेळ निवड स्पर्धेच्याच वर्षी सोडला होता. गावाबाहेर त्याची रोपवाटिका होती. परत आल्यावर रशीदभाई मला भेटले तेव्हा चेहरा आजाऱ्यासारखा झाला होता.

"सगळं सांगितलं त्याला. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, मले दिसलं होतं ना भाऊ, पाहूनच तोंड फिरवलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. संध्याकाळी तुमच्या कार्डावर सही करायच्या टायमालाही थांबलो."

"मग तो का नाही बोलला?"

"मी बी तेच इचारलं. म्हणाला, सांगायचं काम तुमचं होतं. मग चहा पाजला. मोगऱ्याची कलमं दाखवली. रागावला नाय, ताई. रागावला असता तर बरं झालं असतं." पुढं म्हणाले, "इतकी वर्षं वाटायचं, अल्लानं पाहिलं आन् म्या. आता तिसरा निघाला."

महिनाभर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी आले, शिकणाऱ्या सगळ्यांना, त्यांच्या आईवडिलांना, चार जुन्या सभासदांना हिरवळीवर बसवलं आणि उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. एक शब्द सौम्य केला नाही. दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली. टपरीवर त्यांना चॅम्पियन म्हणणं बंद झालं. मला वाटलं होतं, आता तरी ते मोकळे होतील. झाले नाहीत. पेला ठेवून बघत राहणं तसंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं ते गेले. सलमाभाभींनी त्यांच्या वहीतला नंबर दिला आणि नामदेवला मीच फोन केला. तो चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आला. उंच, पाठीत वाकलेला, नखांत माती असलेला माणूस. फातेहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली. निघताना तो म्हणाला, "मॅडम, ते मैदान दाखवता का?"

आम्ही गेलो. दुपारचं ऊन होतं, मैदानावर कुणी नव्हतं. तो कुंपणाला हात लावून उभा राहिला.

"मी त्याले म्हटलं, सांगायचं काम तुमचं होतं. ते खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "सही करताना मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. पांढरा पडला होता. मी एक शब्द बोललो असतो, तर तिथंच मिटलं असतं. नाही बोललो. मनात म्हटलं, ने ती जागा. पण तुले आता झोप लागणार नाही."

त्यानं कुंपणावरचा हात काढून घेतला.

"तो नागपूरला आला, तेव्हा पाह्यलं ना मी. खरंच लागली नव्हती," तो म्हणाला. "तेव्हा तरी सांगाले पाह्यजे होतं. मी त्याले कलमं दाखवत बसलो."

हे सलमाभाभींना सांगणार का, असं मी त्याला विचारलं नाही. परत घरी येऊन मी त्याला बसस्थानकावर सोडायला निघाले, तेव्हा भाभी दारापर्यंत आल्या. वाटेत खायला म्हणून त्यांनी पोळीभाजीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "भाईसाब, ते तुमचं लई नाव काढायचे. म्हणायचे, साफ दिलाचा माणूस. येत जा."

नामदेवनं मान हलवली. बस सुटली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून.