टाकळ्याच्या बिया आणि आईचा डावा डोळा

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. आईचा डावा डोळा जात होता, तेव्हा त्याने मला फोनवर सांगितलं की त्याच्या एका मित्राचा डोळा दुखतोय. जे घडलं ते मी घडलं तसं लिहितो आहे. वाचणाऱ्यांत आमच्या गावचे लोक असतील, माझ्यासारखे गाव सोडून जर्मनीत आलेलेही असतील. दोघांनीही शेवटपर्यंत वाचावं आणि मग बोलावं.

२०११ च्या जूनमध्ये सांगलीच्या स्टँडबाहेर मी आणि दादा मुंबईच्या खासगी बसची वाट बघत उभे होतो. आई आली नव्हती, म्हशीची धार काढायची वेळ होती. तिने दारातच सांगितलं होतं, "जा. मागं बघत बसू नको." दादाने मोटारसायकलवर पुढे एक आणि मागे एक बॅग घेऊन मला आणलं होतं. बस आली तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, एक ठरवून जाऊ. आईला काही झालं, तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. मागाहून नाही. सावरून सांगतो वगैरे नाही."

तो म्हणाला, "आणि तुला काही झालं तर?"

"मीही त्याच दिवशी सांगीन."

त्याने हात पुढे केला, मी हातात हात दिला. आमच्यात कागद नव्हता, पण माझ्या दृष्टीने तो पक्का करार होता. मी करार मोडणाऱ्यातला नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

मी पोटापुरतं शिकलेला माणूस. मिरजेच्या एका फाउंड्रीत हजेरी लिहायला लागलो आणि खरेदी खात्यापर्यंत स्वतःच्या जिभेच्या जोरावर पोचलो. समोरचा कुठे खोटं बोलतोय हे मला आवाजावरून कळतं. डिप्लोमा मी नोकरी करत केला. पुढे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीने मला पुण्यातून उचलून वोल्फ्सबुर्गला आणलं, तेही याच कामासाठी. इथे खरेदी खात्याला आयनकाउफ म्हणतात. नाव बदललं, काम तेच. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, फोटो पुरवठादाराने एकाच बाजूने पाठवला, की दुसऱ्या बाजूला भोक आहे हे समजून चालायचं. नव्या पोरांना मी पहिला धडा हाच देतो, "दुसरी बाजू मागा."

२०१४ च्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यात जखम झाली. बाहेरच्या थंडीतून आत आलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मीटिंगमध्ये माणूस बावळट दिसतो, म्हणून मी कॉन्टॅक्ट लेन्स घालायला लागलो होतो. त्या नळाच्या पाण्याने धुवायचो, घालून झोपायचोही. एका सकाळी उजेड सोसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून एकदाच पाहिलं आणि मला तिथूनच इस्पितळात पाठवलं. बुबुळावर अल्सर होता. चार दिवस दर तासाला थेंब. एक नर्स यायची, पापणी वर करायची, थेंब टाकायची आणि म्हणायची, "आल्झो," म्हणजे तर मग, "पुढचा एका तासाने."

त्या चार दिवसांत मी दादाला फोन केला नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईला माझा डोळा लाल दिसला, तेव्हा म्हटलं, "ॲलर्जी आहे, इथल्या झाडांची." हिवाळ्यात झाडांवर एक पान नव्हतं. माझी मुलगी ईरा तेव्हा सहा वर्षांची, शेजारी बसली होती. ती सरळ म्हणाली, "पापा, दास श्टिम्ट गार निष्ट." म्हणजे हे मुळीच खरं नाही.

आई म्हणाली, "काय म्हणतीय गं बाळ माझी?"

मी म्हटलं, "म्हणते, आजी छान दिसते."

जखम भरली, पण बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिला. गावाकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. दिसायला अडत नव्हतं, पण डोळा सारखा गळायचा. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने शेजारच्या ब्राउनश्वाइग शहरातल्या चिनी बाईंचा पत्ता दिला. त्याची पाठ म्हणे तिथे सरळ झाली होती. त्यांचं नाव फ्राऊ लिन, म्हणजे लिनबाई. चीनमध्ये वैद्यकी शिकलेल्या, वयाने माझ्या आईपेक्षा जरा लहान. डोळ्यासाठी आलेल्या माणसाची त्यांनी आधी जीभ पाहिली, मग दोन्ही हातांची नाडी. मग म्हणाल्या, "तुम्ही फार चिडता."

मी म्हटलं, "ते डोळ्यात दिसतं?"

"डोळ्यात नंतर. आधी यकृतात." त्यांच्या शास्त्रात डोळ्याचा काळा भाग यकृताचा. बाहेरून वारा आणि उष्णता शिरली की त्यावर बारीक ठिपके उठतात, त्यांना त्या एकत्र जमलेले तारे म्हणतात. आतून रागाची आग चढली की ठिपके मिळतात आणि खड्डा पडतो. भरल्यावर जे पांढरं राहतं, त्यालाही त्यांच्याकडे फुलाची उपमा आहे. हे ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

त्या ॲक्युपंक्चरच्या दहा सुया लावणार होत्या. मी सहावर आणायला बघितलं. त्या म्हणाल्या, "हा भाजीबाजार नाही, मिस्टर माने." पण हसल्या आणि आठ लावल्या. घरी घ्यायला पुडी दिली. त्यात वाळलेली शेवंतीची फुलं, कुठल्याशा किड्याची कात आणि करड्या रंगाच्या चकचकीत बिया. बी दाताखाली फोडली आणि मी उडालोच. टाकळा. आमच्या बांधावर पावसाळ्यात माजतो तो टाकळा, ज्याच्या कोवळ्या पानांची आई भाजी करते.

पहिल्याच दिवशी फ्राऊ लिन यांनी मला एक गोष्ट बोट वर करून सांगितली होती. "तुम्ही जखम भरल्यावर आलात म्हणून मी तुम्हाला घेतलं. ताज्या जखमेला आधी डोळ्यांचा डॉक्टर, आधी थेंब. माझं काम नंतर."

दादाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. जीभ, नाडी, सुयांचा सौदा, टाकळा. तो पोट धरून हसला. आई मागून म्हणाली, "म्हंजे आपल्या बांधावरचं तुला तिकडं जाऊन विकत घ्यावं लागलं." एवढंच सांगितलं नाही की त्याच्या आधी इस्पितळ होतं. ते सांगितलं असतं तर ॲलर्जी खोटी पडली असती. घरात एवढंच पोचलं की महेशचा, म्हणजे माझा, डोळा बिघडला होता आणि चिनी बाईच्या टाकळ्याने बरा झाला.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "तुझं ते टाकळ्याचं कसं करायचं होतं रं? माझ्या एका मित्राच्या डोळ्यात टोचतंय."

मी घाईत होतो, ट्राममध्ये... नाही, ट्राम वोल्फ्सबुर्गात नाहीच. गाडीत होतो, पार्किंग शोधत. उगाच कशाला खोटं लिहू. बिया भाजून घ्यायच्या, शेवंतीबरोबर उकळायच्या, प्यायचं आणि गार पाण्याने डोळा धुवायचा, एवढं मी सांगितलं. डोळा धुवायचं फ्राऊ लिन यांनी कधी सांगितलंच नव्हतं, ते मी माझ्या मनाचं जोडलं. तो म्हणाला, "बरा होईल ना?" मी म्हटलं, "माझा झाला की."

म्हशीला घालायला उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तोडताना पानाची कड आईच्या डोळ्याला लागली होती. तो मित्र म्हणजे ती. तीन आठवडे ती टाकळ्याचा काढा प्याली, टाकळ्याच्या पाण्याने डोळा धूत राहिली. शेवटी वहिनी चिडल्या आणि तिला एसटीत बसवून मिरजेला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, बुरशी आत गेली आहे. डोळा काढावा लागला नाही, पण मधोमध पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याने आता तिला उजेड आहे की नाही एवढंच कळतं.

हे मला सात महिन्यांनी समजलं. सात महिने दर रविवारी मी आईशी व्हिडिओवर बोलत होतो. फोन वहिनीच्या हातात असायचा, आईचा उजवा गाल माझ्याकडे. कधी ती शेंगा फोडत असायची, कधी भिंतीकडे बघून हसायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, कॅमेऱ्याला लाजते. एकाच बाजूचा फोटो पाठवणाऱ्या किती पुरवठादारांना मी घरी बसवलं, आणि माझ्या आईची दुसरी बाजू मला एकदाही मागावीशी वाटली नाही.

मे महिन्यात मी, बायको वैशाली आणि ईरा गावी गेलो. मी आईच्या डाव्या बाजूने पाया पडायला वाकलो, तर ती उजवीकडे हात फिरवत म्हणाली, "कुठं आहेस?" ईरा माझ्या मागे उभी होती, तिने माझा शर्ट घट्ट धरला.

दादाला मी गोठ्याच्या पलीकडे नेला आणि माझी जीभ सुटली. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग तो म्हणाला, "आईनंच सांगितलं होतं, त्याला कळवू नको म्हणून. तुला रजा मिळत नाही म्हणून."

"आपलं ठरलं काय होतं?"

"ठरलं तुझंबी होतं की. तू चार दिवस दवाखान्यात होतास, कुणाला सांगितलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वैशालीनं. आज सकाळी. तुझी बायको काय खोटं बोलती?"

संध्याकाळी आईपाशी बसलो. तिला भांडण ऐकू आलं होतं. ती माझ्या उजव्या डोळ्याकडे तिच्या उजव्या डोळ्याने निरखून बघत म्हणाली, "त्याला नको बोलू. मीच म्हटलं, थांबू या. तुझा डोळा ज्यानं बरा झाला, त्यानं माझा होणार नाही होय?"

परत आल्यावर मी आईचा फोटो घेऊन ब्राउनश्वाइगला गेलो. या वेळी डोळ्याचा, समोरून काढलेला. फ्राऊ लिन यांनी तो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, "हे जुनं झालं. जुन्याला माझ्याकडे काही नाही." मी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी विचारलं, "यांना थांबायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्या भावाने." घरी येताना ट्रेनमध्ये वाटलं की बाईंना ते पटलं नव्हतं.

लोक विचारतात, घर कुठलं, इकडचं की तिकडचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यावर छान भाषणं होतात. माझं घर आता रविवारचा तो अर्धा तास आहे. फोन लागला की मी आधी म्हणतो, "वहिनी, फोन डावीकडे फिरवा." त्या फिरवतात. मी ते फूल बघतो, मग बोलायला लागतो. आई म्हणते, "दर वेळी काय बघायचं त्यात." मीही माझा चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवतो. ईरा कॅमेऱ्यात डोकावते आणि आजीला जर्मनमधून काहीतरी सांगते. आता मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगतो, आवडो न आवडो.

दादा, ॲलर्जी खोटी होती. इस्पितळ मी लपवलं. बाईंनी ताज्या जखमेबद्दल जे बजावलं होतं, ते गाळून मी तुला उरलेलं सांगितलं, आणि डोळा धुवायचं माझ्या पदरचं घातलं. हे सगळं मी आज सगळ्यांसमोर लिहून दिलं आहे. माझ्या वाट्याचं उत्तर झालं.

पण तू त्या दिवशी 'आईचा डोळा' एवढे दोन शब्द म्हणाला असतास, तर मी गाडी तिथेच थांबवून तुला खरं सांगितलं असतं आणि तिला त्याच संध्याकाळी मिरजेला न्यायला लावलं असतं. मी थांबू देणार नाही, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू मित्र म्हणालास. आईने सांगितलं होतं, हे उत्तर मला चालत नाही, स्टँडवर हात तू पुढे केला होतास. येत्या रविवारी फोन वहिनीच्या हातात नको. तू धर, आईच्या डाव्या बाजूला बस, आणि मला सांग, मित्र का म्हणालास?