भाकड शेळीचे दूध

दवाखान्याच्या आवारातील कडुनिंबाला शेळी बांधलेली पाहून डॉक्टरांनी मला आत बोलावले.

"सिस्टर, हे काय?"

"बाळाच्या आजींनी पाठवली आहे, सर."

"बाळ शेळीचं दूध पितं?"

"नाही, सर. पितं असं लोकांना वाटावं, म्हणून."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेले गृहस्थ. त्यांना दुरूनच कळले. "अहो, ही तर भाकड आहे," एवढे बोलून ते पुन्हा खुर्चीत बसले.

मेडशीच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेव्हा परिचारिका होते. गोष्ट सत्तरच्या दशकातील. आजचा वाशिम जिल्हा त्या वेळी अकोल्यातच मोडत असे. लिहिण्याचा मला सराव नाही, म्हणून घडले तसे क्रमाने सांगते.

गावातील मोठ्या जमीनदारांची सून दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. प्रसूतीनंतर तिला झटके येऊ लागले, म्हणून तिला जीपमध्ये घालून अकोल्याला नेले. बाळ एवढेसे होते, की त्या रस्त्याने ते पोहोचले नसते. ते आमच्याकडे, आजीच्या देखरेखीखाली राहिले. चोखण्याची ताकद त्याच्यात नव्हती. नाकातून पोटात बारीक रबरी नळी घालून आम्ही त्याला दूध देत असू. याला ट्यूब फीडिंग म्हणतात. डब्यातील पावडरचे दूध त्याला सोसेना. जुलाब सुरू झाले आणि बाळ सुकू लागले.

त्याच आठवड्यात बौद्धपुऱ्यातील शेवंताचे मूल जन्मतःच गेले होते. ती मजुरीला जाणारी तरुण बाई. दूध साचून तिची छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता. अशा वेळी छाती घट्ट बांधून दूध आटवावे, अशी तेव्हा रीत होती. मी पट्टा हातात घेतला आणि थांबले. तिला विचारायला मला फार अवघड वाटले. नुकतेच मूल गेलेल्या बाईला असे काही कसे विचारावे? पण विचारले.

"घ्या नं बाई," ती म्हणाली. "मातीत पिळून काय उगवते? कोनाच्या तरी पोटात जाऊ द्या."

आजींकडे गेले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "थे बाई कोनाची हाये?"

मी सांगितले.

"सिस्टरबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाले समजत नाई काय? आमच्या घरचं लेकरू हाये थे."

मागे उभे असलेले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, उद्यापर्यंत विचार करा. बाळ तोवर थांबलं तर बरंच आहे."

आजी बाळाकडे पाहत राहिल्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला अटी सांगितल्या. गावात बकरीचे दूध म्हणून सांगायचे. शेवंताने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही आणि बाळाला पाहायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी आली.

शेवंता मागच्या दाराने कोठीत येई. मी उकळलेली वाटी देई आणि ती हाताने दूध काढी. बाळाच्या पोटात ते टिकले. जुलाब थांबले. पण काही दिवसांत वाटीतले दूध कमी होऊ लागले. यात तिचा दोष नव्हता. पान्हा ही केवळ शरीराची गोष्ट नाही. मूल जवळ असले, दिसले, रडले, की दूध उतरते. कोठीत तिच्यासमोर फिनाइलचे डबे होते.

मी आजींना विनंती केली. "तिला एकदा बाळ पाहू द्या. लांबूनच. दूध वाढेल."

"बकरीले कोनी लेकरू दाखवते काय वो बाई?" आजी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरेच नवल वाटले होते.

डॉक्टरांना सांगितले, तर ते म्हणाले, "अट मोडलीत तर घरचे लोक बाळ उचलून नेतील. भिंत मात्र आपली आहे."

मला उमगायला थोडा वेळ लागला. वॉर्डाला लागून ड्रेसिंगची खोली होती आणि दोन्हींमधल्या भिंतीत उंचावर झरोका होता. मी शेवंताचे स्टूल तिथे हलवले. नळी बदलताना बाळ रडले. बारीक, मांजरासारखे रडणे. शेवंताने मान वर केली. वाटी लावण्याआधीच तिचे लुगडे भिजले. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "पोरगं हाये का पोरगी?"

"मुलगा."

"माहाही पोरगाच होता."

त्यानंतर दूध कमी पडले नाही. बाळाचे वजन वाढले, नळी निघाली, ते बोंडल्याने पिऊ लागले. अकोल्याहून आई परतली, पण तिचे दूध आटले होते. बाळाला तोवर डब्यातले दूधही सोसू लागले होते आणि ते घरी नेण्याजोगे झाले होते.

जायच्या दिवशी वाजंत्री आली. आजींनी कडुनिंबाखाली शेळीला कुंकू लावले, गळ्यात हार घातला, गुलाल उधळला. जमलेल्या बायांनी शेळीच्या पाया पडून घेतले. डॉक्टर आत निघून गेले. शेवंता फाटकाबाहेर उभी होती. आज यायचे नाही, हे तिला सांगायला मला धीर झाला नव्हता. मी तिच्याजवळ गेले. ती हसली.

"कायले तोंड पाडता बाई? मी बुद्धाची. मले कुंकू-गुलाल चालत नाई. बकरीले चालते."

मग हळूच म्हणाली, "आज रडला नाई थो?"

"झोपला आहे."

दुपट्यात गुंडाळलेले बाळ तिच्या समोरून बैलगाडीतून गेले. तिला दुपटे दिसले.

पुढच्या वर्षी लसीकरणासाठी मी त्या घरी गेले. शेळीला स्वतंत्र छप्पर होते. आजी नातवाचे हात धरून तिला नमस्कार करायला शिकवत होत्या. शेवंता त्यांच्याच कापसाच्या वेचणीला आली होती. आजींनी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. ती प्याली, पदराने तोंड पुसले आणि मुलाकडे न पाहता शेतात गेली.

आता मोठ्या शहरांत दूधपेढ्या आहेत. दूध देणाऱ्या आईचे नाव तिथे गुप्त ठेवतात, असे ऐकते. आम्ही तो नियम फार आधी पाळला होता.