सातचा मिस्ड कॉल

नायगावच्या बीडीडी चाळीत आनंदीबाई आणि त्यांची लेक अनुजा शेजारशेजारच्या खोल्यांत राहायच्या. सकाळी सातला आई लाटण्याने भिंत ठोकायची, म्हणजे मी उठले. लेकीने उलट ठोकायचं, म्हणजे मीही आहे. पुढे चाळीच्या जागी टॉवर झाला आणि सोडतीत आईला चौथा मजला आला, लेकीला एकोणिसावा. लाटण्याच्या जागी मिस्ड कॉल आला, पण लेकीच्या हजेरीचा हक्क बाईंनी काही सोडला नाही.

त्याच महिन्यात अनुजाला पहिला झटका आला. आईला उलट कॉल देऊन ती चहा गाळत होती, तोच छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, आता आपण मरणार अशी खात्रीच झाली. मग आठवड्याला दोन-तीनदा तेच. ईसीजी तीनदा काढला, तीनदा चांगला आला. बँकेची अख्खी शाखा सांभाळणारी बाई एकटीने लिफ्टमध्ये शिरेनाशी झाली.

अनुजा शिवाजी पार्कजवळच्या मनोविश्लेषक डॉक्टर फ्लॅवियांकडे जाऊ लागली; त्या फार बोलत नसत. चौथ्या महिन्यात त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही रागावलात की घरी काय व्हायचं?"

"आई छाती धरून खाली बसायची," अनुजा म्हणाली.

"म्हणजे आपल्या रागाने आई मरेल, असं त्या मुलीला वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "तो राग अजून आहे. वर येऊ लागला की आता तुमचीच छाती धडधडते."

अनुजा म्हणाली, "मला आईचा राग येतो." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. त्या दिवशी ती लिफ्टने एकटी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, फोन वाजला नाही. सव्वासातला तिने लावला, कुणी उचलेना. आईच्या घराची दुसरी किल्ली घेऊन ती जिन्याने धावत सुटली. आपण बोललो आणि आई गेली, याखेरीज तिला काही सुचत नव्हतं.

आनंदीबाई खुर्चीत बसल्या होत्या, फोन मांडीवर.

"किती येळान येतंस, ता बघी होतंय," त्या म्हणाल्या.

अनुजाचा संताप उसळला, आणि या खेपेला तिने तो गिळला नाही.

"आई, मला तुझा राग आलाय. उद्यापासून मी कॉल देणार नाही."

आनंदीबाईंचा हात छातीकडे गेला. हे अनुजाने लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. कपाळावरचा घाम मात्र कधी पाहिला नव्हता.