होडी मागे, हवा खाली: धरमतर ते रोहा

पिकअपला होडी जोडून धरमतरहून रोह्याला जायचं ठरलं, ते हौसेखातर नव्हे. माझा मामेभाऊ प्रकाश रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याची सासू, मंदामावशी, धरमतर खाडीकाठच्या एका गावात एकटी राहत होती. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा नारायण होडी घेऊन खाडीत गेला. भरतीबरोबर होडी बांधाला येऊन लागली, नारायण आला नाही. त्याचा ठावठिकाणाही लागला नाही. यंदा गावाचा बांध फुटला आणि उधाणाचं खारं पाणी मावशीच्या ओट्याला टेकू लागलं. लेक सुगंधा तिला रोह्याला बोलावून थकली. मावशीचं एकच म्हणणं होतं, होडी इथे ठेवून मी येणार नाही. तो येईल तो होडी शोधत येईल. तेव्हा प्रकाशने मला विचारलं, तुझ्या गाडीमागे ती ओढता येईल का? आणि पुढच्या मोठ्या उधाणाच्या आत?

माझ्याकडे चार दारांची डिझेल पिकअप आहे. एका मित्राकडून त्याच्या मासेमारीच्या बोटीचा ट्रेलर मागून आणला, वाळूच्या गोणी टाकून पनवेलजवळ एक फेरी मारली आणि लक्षात आलं की हे असं जमणार नाही. मागचे कमानपाटे दबून गाडीचं बूड खाली गेलं, तोंड वर झालं आणि हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागला. स्टिअरिंग हातात आहे की नाही, तेच कळेना. तेव्हा पेणला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये मागच्या बाजूला एअरबॅग बसवून घ्यायचं ठरवलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या अपघातात फुगणाऱ्या एअरबॅगा नव्हेत. रबराच्या दोन जाड पिशव्या, चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये, एकेका बाजूला एकेक. कमानपाटे तसेच राहतात. वजन पडलं की पिशव्यांत हवा भरायची, गाडी सरळ होते. वजन उतरलं की हवा कमी करायची, पण पूर्ण कधीच काढायची नाही, नाहीतर पिशवी चिमटून फाटते. दोन्ही बाजूंना वेगळी नळी घ्या आणि नळी सायलेन्सरपासून लांबून न्या. खर्च चार चांगल्या टायरांपेक्षा कमीच येतो. आरटीओच्या नियमांची चौकशी मात्र आधी करा. मी केबिनमध्ये दोन काट्यांचा मीटरही लावून घेतला, डाव्या पिशवीचा एक काटा, उजव्या पिशवीचा एक.

काम दिलीप नावाच्या फिटरकडे होतं. जोडांवर साबणाचं पाणी लावून, फुगे येत नाहीत ना ते पाहताना तो म्हणाला, "काका, आता मागे हत्ती बांधा, गाडी बूड टेकणार नाय." मग हात पुसत म्हणाला, "पण ब्रेक तेच हायेत आणि ट्रेलर अडकवायचा हिचही तोच. हवा वजन कमी करत नाय. दिसू देत नाय, एवढंच."

काम संपेपर्यंत मी पेणमध्ये भटकलो. गणपतीला अजून कितीतरी महिने होते, तरी मूर्तींचे कारखाने चालूच होते. एका लांबट शेडमध्ये शिरलो आणि दारातच थबकलो. आतमध्ये छपरापर्यंत पांढऱ्या मूर्ती, रंग नाही, डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी करणारी बाई जेवायला गेली होती. इतकी तोंडं माझ्याकडे वळलेली होती आणि एकही मला पाहत नव्हतं. मी आवाज न करता बाहेर आलो. का, ते सांगता येणार नाही. रात्री लॉजवर मुक्काम केला. खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं. पेणला थांबलात तर चुकवू नका.

सकाळी वडखळला अलिबागच्या रस्त्याला वळलो. धरमतरच्या पुढे-मागे कुठेही आत शिरलं की माणसांची वर्दळ एकदम थांबते. एका बाजूला जेट्टीवरच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मधल्या बांधावरून माझी गाडी जेमतेम मावेल एवढी वाट. ओहोटी होती. मावशीच्या घराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत मिठाची पांढरी रेघ उमटली होती. शेजारपाजारच्या गड्यांनी होडी ओंडक्यांवरून सरकवत ट्रेलरवर चढवली, नाळ, म्हणजे होडीचं तोंड, पुढे करून. लाकडी, जुनी, तळाला फळ्या अंथरलेली होडी. शेजारची एक म्हातारी ओट्यावर बसून पाहत होती. तिने मावशीला विचारलं, "काय गो मंदा, होडी नेतेस का घरधन्याला नेतेस?"

मावशी गाठोडं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघांना."

गडी हसले. मावशी हसली नाही.

मी हवा भरून गाडी सरळ केली आणि शेजारी जेवायला गेलो. जिताड्याचं कालवण होतं, ते सोडून लवकर उठणं शक्य नव्हतं. परत आलो तर गाडी मागून पुन्हा किंचित बसलेली. नव्या पिशव्या, म्हटलं गळत असतील. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही फुगा नाही. मग आणखी हवा भरली. गाडी सरळ झाली आणि मी तो विषय सोडून दिला. इथे माझं चुकलं.

मावशी पुढे बसली, पण दाराला अगदी चिकटून. दोघांमध्ये एवढी जागा होती की आणखी एक माणूस बसला असता. थोड्या वेळाने म्हणाली, "आता वडखळ आलं हां." मी हो म्हटलं. हायवेला लागलो. या रस्त्याचं काम काही ठिकाणी झालंय, काही ठिकाणी वळसे आहेत. ट्रेलर असेल तर तिसऱ्या गिअरची सवय ठेवा. मावशी प्रत्येक गाव सांगत होती. मला उगाच वाटत होतं की ती मला रस्ता दाखवतेय. एका सिग्नलला तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं की ती मागच्या काचेकडे तोंड करून बोलतेय.

त्याच सुमाराला काटे हलायला लागले. ब्रेक मारला की दोन्ही काटे सावकाश वर चढायचे. गाडी पुढे निघाली की सावकाश खाली. खड्ड्याने काटा थरथरतो, ते वेगळं. हे तसं नव्हतं. होडीत कोणीतरी उठून पुढे यावं, आमच्या पाठीशी क्षणभर उभं राहावं आणि पुन्हा मागे जाऊन बसावं, तसं होतं ते.

नागोठण्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याने तीन ग्लास ठेवले. मी म्हटलं, दोघंच आहोत. तो म्हणाला, मावशींनी तीन सांगितले. तिने तिसरा ग्लास उचलला आणि ट्रेलरच्या मडगार्डवर नेऊन ठेवला. निघताना पाहिलं तर ग्लास रिकामा. ट्रकांच्या हादऱ्याने सांडला असेल, पण मडगार्ड कोरडं होतं. आंबा नदीच्या पुलावर ती म्हणाली, "ही आंबा. सांभाळून बस."

तिथून रोह्याचा रस्ता खिंडीतून जातो. एरवी सुंदर रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी. चढ लागला आणि काटे उतरू लागले, उतरतच राहिले. मागचं वजन नाहीसं व्हावं तसं गाडीचं बूड हलकं झालं. बाजूने एक ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डावीकडे झुलला, मग उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे. अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नसतं. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि चढावरच वेग मरू दिला. कडेला जागा मिळाली तिथे थांबलो, चाकांना दगड लावले.

इंजिन बंद केलं. पाखरांचाही आवाज नव्हता. आणि होडीतून आवाज आला. लाकडावर काहीतरी सरकल्यासारखा, एकदा, मग जरा थांबून पुन्हा. गाडी उभी होती, वारा नव्हता. मी या वयात, भर दुपारी, "कोण आहे?" असं विचारलं.

"पाणी हाय," मावशी मागून म्हणाली. "खाडीचं. मीच भरलं, तू जेवत होतास तवा."

तळाच्या फळ्या उचलल्या. खाली गढूळ पाणी, वीतभर खोल, अजून डुलत होतं. चढावर सगळं मागच्या टोकाला धावलं होतं आणि हिचवरचं वजन उचललं गेलं होतं. मागे जड झालेला ट्रेलर झुलणारच. मावशीच्या दारात गाडी बसली तेव्हाच हे मला दिसलं असतं, पण मी हवा भरून ते झाकलं होतं.

खाडीकाठी हे सगळे करतात. लाकडी होडी जमिनीवर राहिली तर तिच्यात पाणी ठेवतात, म्हणजे फळ्या फुगलेल्या राहतात. मावशीने दोन वर्षं रोज हंड्याने पाणी आणून ती होडी ओली ठेवली होती. "सुकली का फटी परतात," ती म्हणाली. "मग तो आला का बसणार कशात?"

मी तिला सरळ सांगितलं. पुढे खिंड चढायची आहे, मग उतार आहे. हे पाणी घेऊन मी उतरणार नाही. पाणी सोडावं लागेल.

तिने होडीच्या काठावर हात ठेवला. मग म्हणाली, "मना परत नेशील?"

नेईन, म्हटलं. परत म्हणजे कुठे, ते दोघांनाही माहीत होतं. ओट्याला टेकणारं पाणी चार दिवसांत घरात शिरणार होतं. तरी मी नेलं असतं. तिच्या घरी तिला जाऊ नको म्हणणारा मी कोण?

मावशीने पदर खोचला, ट्रेलरवर चढली आणि आपल्या हाताने होडीचं बूच उपसलं. पाणी डांबरावर पडलं आणि उताराने, आलो त्या दिशेने वाहत गेलं. ती उतरून त्या पाण्याच्या बाजूने चालू लागली. ओली रेघ वळणापर्यंत गेली आणि तीही वळणाआड गेली. तिथून तिचा आवाज येत होता. ती काहीतरी सांगायची, मग थांबायची. थांबणं लांबायचं, एखाद्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं तेवढं. मी वळणापर्यंत गेलो नाही.

परत आली तेव्हा तिचे पाय ओले होते. "चल," म्हणाली.

खिंड चढलो. काटे जागच्या जागी राहिले, ट्रेलर मुकाट मागून आला. मावशी आता सीटवर ऐसपैस बसली होती आणि एकाही गावाचं नाव घेत नव्हती. उतार लागल्यावर डावा काटा, एकटा डावा, हळूच वर चढला आणि तिथेच थांबला. होडीच्या आतल्या आडव्या लाकडांमागे थोडं पाणी अडकलं असेल. मी मीटरकडे पाहतोय हे तिने पाहिलं. "बघू नको," ती म्हणाली. कुंडलिका दिसली तेव्हा काटा खाली आला.

रोह्यात प्रकाश आणि सुगंधा दारात उभे होते. अंगणात होडी उतरवली, रात्री तिथेच जेवलो आणि सकाळी रिकामा ट्रेलर घेऊन पनवेलला परतलो. पिशव्यांतली हवा कमी केली. बसवून घेतल्याचा पश्चात्ताप नाही. रिकाम्या ट्रेलरलाही गाडी आता सरळ राहते. फक्त एक करा. हवा भरण्याआधी गाडी किती बसलीये ते पाहा आणि का बसलीये ते शोधा.

उधाण आलं ते मावशीच्या जुन्या घरात चुलीपर्यंत चढलं, असं प्रकाशने कळवलं. त्या दिवशी त्याने न सांगता अंगणातल्या होडीत ओतायला दोन बादल्या भरून आणल्या होत्या. मावशीने त्या तुळशीला आणि झाडांना घातल्या. होडी सुकत गेली. फळ्यांमध्ये फटी पडल्या, दुपारी त्यांतून ऊन खाली जमिनीवर पडतं.

मागच्या आठवड्यात तिने प्रकाशला सांगितलं, होडीच्या चांगल्या फळ्या काढून दारासमोर बाक कर. केवढा करू, त्याने विचारलं.

"दोघं बसतील एवढा," ती म्हणाली.