जुन्या मोटारीचं चाक आणि आक्काची हाक

वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटार मी ठेवून घेतली आणि तिच्यापायी मोठ्या बहिणीला दुखावलं. आक्काच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न होतं. नवरी आजोबांच्या गाडीतून सासरी जावी एवढंच आक्काचं मागणं होतं. गाडी जुनी आहे, वाटेत बंद पडली तर शोभा होईल, असं सांगून मी नाही म्हटलं. खरं तर तिच्या रंगाला ओरखडा जाईल याची मला भीती होती. आक्का रागावली नाही. फक्त पुढच्या वर्षापासून राखी पोस्टाने येऊ लागली.

सात वर्षांनी एका सकाळी सुनंदाचा सोनईहून फोन आला. आक्काने अन्न सोडलं होतं, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं, आणि ती सारखं माझं नाव घेत होती. मी नगरहून लगेच निघालो, पण बसने नाही. गाडी तिच्या दारात नेऊन उभी करावी, म्हणजे जे मला तोंडाने बोलता येणार नाही ते तिला कळेल, असं मला वाटलं. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणारा माणूस मी. निघताना दत्तमहाराजांना म्हटलं, एवढी गाडी तिच्या दारापर्यंत पोचू द्या.

हायवेवरचे ट्रक टाळायला गाडी आतल्या रस्त्याने घातली आणि तिथेच मागचं चाक बसलं. टायरात बाभळीचा काटा होता. स्टेपनी पाहिली तर तीही कधीची बसलेली, रबर चिरलेलं. डिकीत वडिलांचा हातपंप होता, तो मारून पाहिला. दांडा नुसता खालीवर होत होता, हवा जात नव्हती. नगरच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं की दुपारशिवाय येणं जमणार नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून महाराजांनाच बोल लावू लागलो.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक वयस्कर गृहस्थ आले. पूर्वी कारखान्यावर जीप चालवायचे, असं म्हणाले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चाकाकडे नीट पाहिलंही नाही.

"सायेब, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. बसा मागं. अर्ध्या तासात सोनईला सोडतो."

मी गाडीकडे पाहिलं. अशी उघड्यावर टाकून कशी जाऊ, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मोटारसायकल स्टँडला लावली. मग बाह्या सारून खाली बसले.

पंप उघडून त्यांनी आतला चामड्याचा वायसर बाहेर काढला. तो वाळून आक्रसला होता. इंजिनाची ऑइल बघायची पट्टी ओढून तिच्यावरचं तेल त्यांनी बोटाने वायसरला चोळलं, कडा हळूहळू पसरवल्या, पुन्हा चोळलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी काटा उपटायला वाकलो तेव्हा त्यांनी हात धरला. "काडू नका. त्यानंच भोक धरून ठिवलंय." मग आळीपाळीने आम्ही दोघांनी पंप मारला. चाक फुगलं, पण हवा थोडी थोडी निघतच होती. ते मागोमाग येत राहिले. दोनदा थांबून पुन्हा हवा भरावी लागली. सोनईच्या वेशीवर त्यांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं आणि मोटारसायकल वळवली. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. घामाने भिजलेली त्यांची पाठ तेवढी आठवते.

आक्काच्या दारात गाडी थांबली तेव्हा साडेबारा वाजले होते. सुनंदा बाहेर आली. गाडीकडे तिने पाहिलंच नाही.

"मामा, अकरापर्यंत बोलत होती हो. भाऊ आला का, भाऊ आला का, एवढंच विचारत होती."

मोटारसायकलवर बसलो असतो तर दहालाच पोचलो असतो. मी आत जाऊन आक्काचा हात हातात घेतला. तिचे डोळे मिटलेले होते. सात वर्षं न बोललेलं सगळं मी तिच्या कानाशी बोललो, माफी मागितली. तिची बोटं किंचित हलली. तिला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. दिवे लागायच्या सुमाराला ती गेली.

याला कोणी चमत्कार म्हणावं असं मी म्हणत नाही. मला एवढंच कळतं, की हाक मारल्याबरोबर मदत आली होती आणि मी ती परतवली, कारण ती मला हवी तशी नव्हती. तरी तो माणूस रागावून निघून गेला नाही. माझ्या हट्टापुढे भर उन्हात गुडघे टेकून बसला, म्हणून निदान शेवटी आक्काचा हात तरी मला धरता आला. नाकारल्यावरही जी थांबते, तिलाच कृपा म्हणत असावेत. आता देवळात गेलो की मी फक्त हात जोडतो. काय द्यायचं आणि कशावर बसवून न्यायचं, हे महाराजांना सांगायचं मी सोडून दिलंय.