डाव्या गालावरचा चौथा टिपका

भावाचा फोन आला तेव्हा मी इथे नाशिकला, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. घरून अवेळी फोन आला की आईच डोळ्यांपुढे येते. त्याला हे ठाऊक आहे. "आई बरी आहे," तो आधी म्हणाला. मग, "मेश्राम बाई गेल्या. हार्टनं." माझी पोळी तव्यावर करपली. आज महिना उलटून गेला, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हे लिहिते.

मेश्राम बाई चंद्रपूरच्या चामडीच्या डॉक्टर. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी त्या एसटीनं अहेरीला यायच्या आणि दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत बसायच्या. माझी त्यांच्याशी ओळख आईच्या गालामुळे. आम्ही गोंड. आईच्या दोन्ही गालांवर तीन-तीन टिपके गोंदलेले, लग्नाआधीचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढे कामासाठी इतक्या लांब आले. एका दिवाळीला घरी गेले, तर डाव्या गालावर मला चार टिपके दिसले. चौथा तपकिरी, धड काठ नसलेला, तिसऱ्याला चिकटून. भाऊ म्हणाला, "गोंदणच पसरलं असंन, वय झालं ना तिचं." मेडिकलवाल्यानं वांग म्हणून मलम दिलं होतं. रोज बघणाऱ्यांना त्यात काही वाटत नव्हतं. मी वर्षानं बघत होते, म्हणून डोळ्यांत भरलं. आईचा बेत तर ठरला होता. बाजारात गोंदणारीकडून तो डाग काळा करून घ्यायचा. "उजव्या गालावरबी एक टाकतो, मंग जोडी होईन," म्हणाली.

गोंदणारीकडे जाताना दवाखाना लागतो. मी तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. बाईंनी डागावर खोबरेलाचा थेंब ठेवला, मोबाईलला लावलेलं दिव्याचं भिंग टेकवलं आणि फोटो काढला. मग स्क्रीन आईपुढे धरली.

"मावशी, हे तुहं गोंदण. निळसर, सगळीकडे एकसारखं. आता इकडे पाह्य. केसांच्या भोकांभोवती राखाडी कडं दिसून राह्यलं ना? हे गोंदणारीनं नाई केलं."

"मंग कोनं केलं?"

"तेच तं पाहाचं आहे."

मला त्यांनी खरं ते सांगितलं. मेलानोमा नावाचा कॅन्सर असू शकतो, अगदी सुरुवातीचा. फोटोवरून शंका येते, तुकडा तपासला की नक्की कळतं. वरून शाई टोचली असती, तर खालचं त्यांना काहीच दिसलं नसतं. मी रडायला लागले. "मले काही समजत नाई बाई, मी शिकलेली नाई," म्हटलं.

"शिकून मी तरी कुठी निश्चिंत आहो? मीबी घाबरूनच राह्यली. म्हणून तं फोटो काढतो."

माझ्यासारखीला कोणी डॉक्टर असं बोलेल असं वाटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

तुकड्याच्या तपासणीत शंका खरी निघाली. नागपूरला ऑपरेशन करायचं, डागाभोवतीची थोडी चांगली चामडीही काढायची, म्हणजे तिसरा टिपका जाणार. आईनं साफ नाही म्हटलं. "मेल्यावर अंगावरचं सारं काढून घेतेत, गोंदण तेवढं राह्यते. टिपका कमी भरला तं तिकडे माह्ये लोक मले कसे ओळखतीन?" भाऊ चिडला, मी हातापाया पडले... ती ढिम्म. बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मावशी, तो टिपका गालावरच पायजे का? हातावर चालन?"

आईनं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "चालन. पण कापाच्या आधी."

बाईंनी पुढच्या बाजाराची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी नवी सुई घेऊन आईबरोबर बाजारात गेल्या, गोंदणारीच्या पोत्यावर मांडी घालून बसल्या. गोंदणारी म्हणाली, "डॉक्टरीनबाई, माह्या धंद्यात कायले येता? मी येतो का तुमच्या दवाखान्यात?"

"ये ना. तुह्या नाकावरचा मस्सा पाहाचाच आहे मले."

आजूबाजूच्या बाया हसल्या, आईसुद्धा. मनगटावर टिपका उतरला आणि त्यानंतर आई नागपूरला गेली. कापलेल्या चामडीचे काठ साफ निघाले, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. मला माझी आई परत मिळाली, ती त्या मनगटावरच्या टिपक्यानं.

त्यानंतर बाई वर्षानुवर्षं त्या वणाचे फोटो काढत राहिल्या, जुन्याशी ताडून बघत राहिल्या. भावाबरोबर मी चारोळी पाठवायची, ती त्या बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटून टाकायच्या.

आता कोण बघेल, या काळजीनं मला झोप लागेना. गेल्या बाजाराला भाऊ आईला त्याच खोलीत घेऊन गेला, पुढचं त्यानंच मला फोनवर सांगितलं. नवीन डॉक्टर, तरुण. "आजी, काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं. आईनं स्टूल खिडकीकडे ओढलं, पदरानं गाल पुसला, डावा गाल उजेडात वर धरला आणि डोळे मिटले. त्यांनी भिंग लावलं, फोटो काढला, दवाखान्याच्या फायलीतल्या जुन्या फोटोशी ताडून पाहिला आणि भावाला सांगितलं, "वण स्वच्छ आहे." आई तशीच बसून होती, मान वर, श्वास रोखलेला. डॉक्टरांना समजेना.

भावाला समजलं. फोटो निघाला की बाई दर वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. त्यानं तसाच हात ठेवला आणि बाईंच्याच शब्दांत म्हणाला, "झालं, मावशी."

तेव्हा तिनं डोळे उघडले.