बॉनेटवरचा हात

आमच्या गावातल्या लॅमिंग्टन रोडमागच्या गॅरेजातला हा मिस्त्री फार कमी बोलतो. गाडी नेली की चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळवा टेकून डोळे मिटतो, मग म्हणतो, "सोडून जावा, अक्का. संध्याकाळी या."

गावाच्या टोकाला, उणकलला नव्या मोटारींचं प्रदर्शन भरलं, तिथं तो दिसला. कंपनीच्या माणसानं विजेवरच्या गाडीवरचं रेशमी कापड ओढलं. टाळ्या थांबल्यावर यानं सवयीनं बॉनेटवर तळवा टेकला.

"चालू करा की."

"चालूच आहे, अण्णा."

ना थरथर, ना ऊब. त्यानं हात हळूच उचलून खिशात घातला.

परवा माझी गाडी न्यायला गेले. काम झालं होतं, तरी इंजिन चालूच ठेवून तो बॉनेटवर हात टेकून उभा होता.

"जरा थांबा, अक्का."

मी किल्ली मागितली नाही.